चुलत कावळा

कै. मार्तंड परुळेकर यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की नाही, हा विषय बोरिवली पूर्वेच्या ‘वनश्री’ सोसायटीत तेराव्याच्या आदल्या दिवसापर्यंत विचाराधीन होता. यात मयताची काहीही चूक नव्हती. ते रीतसर गेले होते, दाखला वेळेवर मिळाला होता, गुरुजीही मिळाले होते. अडचण आली ती पक्ष्याच्या बाजूने.

दहावा खरं तर स्मशानभूमीच्या शेडमध्ये व्हायचा. पण शेडच्या छपराचं काम निघालं होतं आणि आत बांबूंची परांची बांधली होती. गुरुजींनी फोनवरच तोडगा काढला. “तळमजल्यावर घर आहे ना? मागे बाग आहे ना? मग झालं तर! शास्त्रात सोय आहे.” गुरुजींच्या शास्त्रात सगळ्याचीच सोय होती.

बाग म्हणजे घरामागची मातीची एक पट्टी. मार्तंडरावांनी तिथले विटांचे तुकडे वेचून काढून शेवगा, पेरू, कढीपत्ता आणि अनंत लावला होता, आणि सोसायटी ती पट्टी सामाईक असल्याचं त्यांना दरवर्षी कळवत आली होती. आता हा वादही मिटल्यात जमा होता, कारण इमारत पुनर्विकासाला गेली होती. दिवाळीनंतर सगळ्यांनी घरं रिकामी करून द्यायची आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत ज्याने त्याने आपली सोय पाहायची, असं ठरलं होतं. मार्तंडराव असते तर नवराबायकोने जवळपास भाड्याने घर घेतलं असतं. ते गेल्यामुळे शुभाताई एकट्या उरल्या, आणि ‘आई कुठे राहणार’ हा प्रश्न दोन्ही मुलांच्या घरी दार लावून चर्चिला जाऊ लागला.

थोरल्या हर्षदच्या मालाडच्या घरात दोन बेडरूम होत्या. दुसरीत ट्रेडमिल होती आणि तिच्यावर त्याची बायको अक्षता कपडे वाळत घालत असे. धाकट्या देवव्रतकडे घाटकोपरला एक खोली चक्क मोकळी होती, पण ती आग्नेयेला होती, आणि वयस्कर माणसांना आग्नेय मानवत नाही असं त्याला एका वास्तुतज्ज्ञाने पैसे घेऊन सांगितलं होतं. आईवर दोघांचंही प्रेम होतं. प्रश्न फक्त जागेचा होता.

बागेत पिंड ठेवायला सोसायटीची परवानगी लागली. कबुतरांचा उच्छाद झाल्यापासून आवारात पक्ष्यांना खाऊ घालायला बंदी होती, आणि सेक्रेटरी चंद्रप्रकाश नियमाला फार पक्का माणूस होता. स्वतःच्या गाडीपुरता तो नियम सैल करून दोन गाड्यांची जागा अडवत असे, तेवढं सोडलं तर. त्याने लेखी कळवलं, “दशक्रिया विधीनिमित्त कावळा, नग एक, यास अन्न देण्यास, पुढे पायंडा पडणार नाही या अटीवर, हरकत नाही.”

ठरल्याप्रमाणे सकाळी पिंड मांडले गेले. नातेवाईक लांब उभे राहिले. आणि रोज स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन शुभाताईंच्या हातून पोळीचा तुकडा ओढून नेणाऱ्या कावळ्यांपैकी एकही त्या दिवशी फिरकला नाही. आली ती कबुतरं.

“गुरुजी, कबुतर चालेल का?” देवव्रतने विचारलं. त्याला दुपारी ऑफिसची मीटिंग होती.

“कबुतराचा पितरांशी संपर्क नाही,” गुरुजी म्हणाले. “मार्तंडरावांचं काहीतरी मनात राहिलंय. शब्द द्या त्यांना, म्हणजे येईल.”

देवव्रत लगेच पुढे झाला आणि त्याने हात जोडले. “बाबा, तुमची ही बाग आम्ही जिवापाड जपू.” दिवाळीनंतर याच बागेतून पायाचं खोदकाम सुरू व्हायचं होतं आणि त्या कागदावर सही करणारा चंद्रप्रकाश शेजारीच डोळे मिटून उभा होता. कावळा आला नाही. “बाबा, दरवर्षी गावच्या जत्रेला जाऊ.” नाही आला. “बाबा, तुमचे चष्मे गरजूंना देऊ.” एव्हाना ऊन चढलं होतं, केटररचा माणूस दोनदा डोकावून गेला होता, आणि माणसं घड्याळाकडे अशी बघत होती की मेलेल्या माणसालाही संकोच वाटावा.

मालवणहून आलेले मार्तंडरावांचे धाकटे भाऊ दशरथकाका इतका वेळ मागे उभे होते. ते एकदम कावले. “अरे, चष्मे कसले देतस? वयनीचा काय ता सांगा! त्याचो जीव थंयच अडाकलो हा.”

सगळ्यांनी हर्षदकडे पाहिलं, कारण तो थोरला होता. देवव्रतने तर फारच भक्तिभावाने पाहिलं. शुभाताई पेरूच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. हर्षदच्या पोटात भूक होती, डोक्यावर ऊन होतं, समोर बापाचा पिंड होता आणि मागे अख्खं गणगोत होतं. त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, “बाबा, आईला मी माझ्याकडे नेतो. शेवटपर्यंत सांभाळतो.” त्या क्षणापुरतं ते अगदी खरं होतं.

शब्द संपतो न संपतो तोच शेवग्यावरून एक पक्षी झेपावला, पिंडावर उतरला, त्याने भाताने चांगली चोच भरून घेतली, मान वाकडी करून गुरुजींकडे पाहिलं आणि परत झाडावर गेला. “शिवला, शिवला!” असा गजर झाला. जोडलेले हात सुटायच्या आत निम्मी माणसं जेवणाच्या रांगेत पोचली होती.

गाडी महामार्गाला लागली, तशी अक्षताने काच वर केली. मग म्हणाली, “हर्षद, तो कावळा नव्हता.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? कावळा तांबडा असतो का? शेपूट बघितलीस, केवढी लांब होती?”

“शिवला ना पण.”

“अरे, कोण शिवलं ते बघशील की नाही? उद्या मांजर शिवलं असतं, तर आणलं असतंस आईंना घरी?”

हर्षद मरोळला एका विमा कंपनीत दावे तपासायचं काम करत असे. तपासणं म्हणजे नाकारणं. माणूस मेला हे मान्य, पण तो ज्या पायरीवरून पडून मेला ती पायरी पॉलिसीत धरलेली नाही, असं तो मयताच्या बायकोला अतिशय हळुवारपणे समजावून सांगत असे, आणि त्यासाठी त्याला दोनदा बक्षीस मिळालं होतं. अक्षताच्या बोलण्याने त्याच्यातला बापाचा मुलगा बाजूला झाला आणि दावे तपासणारा अधिकारी जागा झाला. शब्द दिला होता तो कावळा शिवावा म्हणून. कावळा शिवलाच नसेल, तर अटीची पूर्तता झाली नाही. पूर्तता झाली नाही, तर शब्द लागू होत नाही. त्या दिवसात पहिल्यांदाच त्याला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने देवव्रतला फोन केला.

“दादा, तू यार उगाच फाटे फोडतोयस,” देवव्रत म्हणाला. “सगळ्या गावाने बघितलं शिवताना.”

“गावाने पिंड फुटलेला बघितला. पक्षी कोणी बघितला?”

“कावळाच होता. उन्हात रंग विटतो त्यांचा.”

“आणि शेपटी? ती उन्हाने वाढते?”

देवव्रतला जन्मात चिमणी आणि साळुंकी यांतला फरक कळलेला नव्हता. पण तो पक्षी कावळा नाही असं ठरलं तर आईचा प्रश्न पुन्हा खुला होईल आणि बोट आग्नेयेकडे वळेल, हे त्याला लख्ख कळलं होतं. एका सकाळीत तो पक्षितज्ज्ञ झाला. डोंबकावळा, पाणकावळा, रानकावळा अशी नावं तो फडाफडा टाकू लागला. हर्षदनेही मग पक्ष्यांवरचं एक जाडजूड पुस्तक मागवलं. बाप आयुष्यभर बागेत बसून ‘अरे, बघ तरी कोण आलंय’ म्हणून हाका मारायचा, तेव्हा या दोघांनी मोबाइलमधून मान वर केली नव्हती. आता दोघंही पक्ष्याच्या पिसापिसाची चौकशी करत होते.

सुदैवाने पुरावा होता. देवव्रतची बायको जान्हवी हिने परदेशातल्या नातेवाइकांसाठी दहाव्याचं चित्रण केलं होतं. पक्षी त्यात ओझरता दिसत होता, तोही कोपऱ्यात. हर्षदने ते चित्र थांबवलं, मोठं केलं, उजळवलं. मध्येच शुभाताईंचा चेहरा येत होता आणि त्यामुळे शेपटी नीट दिसत नव्हती, म्हणून त्याने शुभाताई कापून टाकल्या. उरलेला तुकडा पक्षी ओळखणाऱ्या एका ॲपला दाखवला. ॲपने पहिल्यांदा ‘खार’ असं सांगितलं, दुसऱ्यांदा ‘पक्षी असण्याची शक्यता’ असं सांगितलं आणि तिसऱ्यांदा वार्षिक वर्गणी मागितली.

मग प्रकरण ‘परुळेकर परिवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं. देवव्रतने मतदान लावलं: कावळा होता, कावळा नव्हता, सांगता येत नाही. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं होती त्यांनी ‘सांगता येत नाही’ला मत दिलं, कारण उद्या आपल्यावरही अशी वेळ येऊ शकते हे त्यांच्या लक्षात आलं. बऱ्याच जणांनी प्रश्न न वाचताच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून हात झटकले. एका मामेभावाने पक्ष्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

ही वार्ता चंद्रप्रकाशच्या कानावर गेली, तशी सोसायटीची नोटीस आली. “आपणांस परवानगी कावळ्यापुरती देण्यात आली होती. प्रत्यक्षात अन्य पक्ष्याने अन्नग्रहण केल्याचे निदर्शनास येते. सदर पक्ष्याची ओळख तात्काळ सादर करावी, अन्यथा बंदीचा भंग समजण्यात येईल.” म्हणजे पक्षी ओळखणं आता फक्त घरातलं काम राहिलं नाही. हर्षदला बरंच वाटलं. नोटीस आल्यावर त्याला काम करायला हुरूप येत असे.

पक्ष्याच्या सर्वांत जवळ कोण होतं, याचा त्याने विचार केला, तेव्हा आईचं नाव निघालं. दोघं भाऊ संध्याकाळी बोरिवलीला गेले. शुभाताई बागेत शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मुलं दोन दिवसांत पुन्हा आली याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी खायचं काय करू ते विचारलं.

“आई, खायचं राहू दे. नीट आठवून सांग,” हर्षद म्हणाला. “दहाव्याला पिंडाला शिवला तो पक्षी कसा होता?”

“मी नाही रे बघितला.”

“अगं, तू समोर तर बसली होतीस!” देवव्रत म्हणाला. “हातभर अंतरावर!”

“हो. पण माझं लक्ष नव्हतं तिकडे.”

“मग कुठे बघत होतीस?”

“हर्षदकडे,” शुभाताई म्हणाल्या. “तो बोलत होता ना.”

हर्षदने खाली बघितलं. तेवढ्यात देवव्रतने घसा खाकरला, आणि हर्षदला आपण कशासाठी आलो ते आठवलं. त्याने मोबाइलमध्ये टिपून ठेवलं: ‘प्रत्यक्षदर्शीने पक्षी पाहिलेला नाही.’

शेवटी तज्ज्ञ बोलवायचं ठरलं. सम्यक नावाचा तरुण दर रविवारी राष्ट्रीय उद्यानात लोकांना पक्षी दाखवायला नेत असे. तो अंधार पडायच्या आत गळ्यात दुर्बीण अडकवून आला, त्याने चित्रण बघायचीही तसदी घेतली नाही, शेवग्याकडे बोट केलं आणि म्हणाला, “हाच ना?”

शेवग्यावर तोच बसला होता. अंग तांब्यासारखं, डोकं काळं, पंखावर राखी पट्टा, आणि खाली लांबलचक शेपटी.

“टकाचोर,” सम्यक म्हणाला. “इथलाच आहे. जंगलाच्या कडेच्या सगळ्या बागांमध्ये येतो. रोज येत असणार तुमच्याकडे, तुम्ही बघितला नाहीत इतकंच.”

“म्हणजे कावळा नव्हे,” हर्षद विजयाने म्हणाला. “लिहून द्याल?”

“कावळा नाही. पण तसा तो कावळ्याच्याच कुटुंबातला.”

हे ‘पण’ सम्यकने टाळायला हवं होतं. देवव्रत खुर्चीतून उठलाच. “कुटुंबातला! ऐकलंस दादा? नातेवाईक आहे!”

“नात्याने काय होतं? कावळा तो नव्हे!”

“चुलत कावळा म्हण! आपल्याकडे सख्खा नसला तर चुलता पाणी देतो की नाही?”

“सख्खा हजर असताना चुलत्याचा अधिकार चालत नाही!”

“सख्खा हजर कुठे होता? त्यानेच याला पाठवलं असेल!”

“मुखत्यारपत्र दाखव!”

सम्यक एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. लोक पक्ष्यांविषयी इतके हळवे असतात हे त्याने मुंबईत प्रथमच पाहिलं. त्याने विचारलं, “काका गेले म्हणून विचारतो, त्यांना पक्ष्यांची फार आवड होती का?”

दोघांनी गुरुजींना फोन लावला आणि आवाज मोठा केला. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “हे पाहा,” ते म्हणाले, “कावळ्याच्या जातीतला पक्षी शिवला तर शिवला असं धरता येतं. नाही धरायचं म्हटलं तर नाहीही धरता येत. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून शिववतात, तीही सोय आहे. तुम्हाला नक्की कुठला निर्णय हवाय ते आधी दोघं मिळून ठरवा, म्हणजे मी त्याचा आधार शोधतो.”

इथे हर्षदच्या अनुभवाचा उपयोग झाला. वाद संपत नसेल तर दाव्याची फेरतपासणी करायची, आणि तीही मजकूर बदलून. त्याने देवव्रतला बाजूला घेतलं. पिंड पुन्हा मांडायचा. सम्यकने तटस्थ म्हणून हजर राहायचं आणि जो पक्षी शिवेल त्याची ओळख जागच्या जागी पटवायची. आणि शब्द असा द्यायचा की तो कोणाच्याच गळ्यात पडणार नाही. देवव्रतला ही कल्पना झकास वाटली. कितीतरी वर्षांनी दोघं भाऊ एका कागदावर डोकं जोडून बसले. शुभाताईंनी ते दारातून पाहिलं आणि त्यांना भरून आलं. त्यांनी दोघांना चहा नेऊन दिला.

तेराव्याच्या आदल्या दिवशी बागेत दुसऱ्यांदा पिंड मांडला गेला. या खेपेला माणसं मोजकी होती. चंद्रप्रकाश परवानगीच्या अंमलबजावणीवर देखरेख करायला उभा होता. कावळे मात्र सगळे आले होते. कुंपणाच्या भिंतीवर ते ओळीने बसले होते, जणू सर्वसाधारण सभेला गणसंख्या पुरी करायला बोलावलेले सभासद.

हर्षदने कागद काढला आणि वाचला, “कैलासवासी मार्तंड परुळेकर यांच्या पत्नीची, उपलब्धतेनुसार, यथोचित व्यवस्था करण्यात येईल.”

“पितरांना एवढं संस्कृत समजेल का?” गुरुजींनी हळूच विचारलं.

“मराठीच आहे, गुरुजी.”

दशरथकाका कपाळाला हात लावून म्हणाले, “अरे, ह्या तू बापाशीक सांगतस काय बँकेक?”

कावळे जागचे हलले नाहीत. हर्षदने पुन्हा एकदा, ‘यथोचित’वर जोर देऊन वाचलं. एक कावळा जांभई दिल्यासारखी चोच उघडून परत मिटून बसला. तेवढ्यात शेवग्यावरून तो तांबडा पक्षी खाली उतरू लागला. दोघं भाऊ एकदमच “हाड! हाड!” करत धावले. चंद्रप्रकाशने छत्री उगारली.

“अहो, कशाला हाकलताय?” सम्यक कळवळून म्हणाला. “त्याचीच तर जागा आहे ही. दिवाळीनंतर तो तरी कुठे जाणार?”

“तो आमचा विषय नाही,” हर्षद म्हणाला.

ऊन चढत गेलं. अक्षताने घड्याळ बघितलं, जान्हवीने मोबाइल बघितला. गुरुजींना पुढच्या कामाला दहिसर गाठायचं होतं. आणि तेव्हा शुभाताई पेरूखालच्या खुर्चीतून उठल्या, पदर सारखा केला आणि पिंडापुढे जाऊन उभ्या राहिल्या. जन्मभर नवऱ्याशी बोलल्या तशाच बोलल्या.

“अहो, ऐकलंत का? पोरांवर रागावू नका. त्यांचंही खरं आहे, कुठे ठेवणार मला? मी जाईन जिथे सोय होईल तिथे. माझं काही मागणं नाही. खाऊन घ्या आता, उन्हात किती वेळ उभी आहेत सगळी.”

भिंतीवरचा पहिला कावळा उडाला आणि थेट पिंडावर बसला. त्याच्या मागून दुसरा. मग सगळेच.

“घरकावळा,” सम्यक म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. “शंकाच नाही.”

“नग जास्त आहेत, पण ठीक आहे,” चंद्रप्रकाश म्हणाला.

हर्षद कागद हातात धरून उभा होता. कावळा आला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला एक क्षणभर इतकं तीव्रपणे वाटलं की तो आईच्या दिशेने एक पाऊल पुढेही झाला. मग देवव्रतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बघ दादा,” तो गहिवरून म्हणाला, “बाबांच्या मनात हेच होतं. आईचं ओझं आपल्यावर पडू नये, यातच त्यांचा जीव अडकला होता. आणि आपण त्यांना काय काय भलतंच सांगत बसलो होतो!” हे हर्षदला पटलं. पटायला जितका वेळ लागायला हवा, तितकाही लागला नाही. दशरथकाका जेवायला थांबले नाहीत. त्यांनी वहिनीला वाकून नमस्कार केला आणि पिशवी उचलून चालू लागले. त्यांच्या गावच्या घरात तरी जागा आहे का, हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर इमारत पाडली. शुभाताई आता कर्जतच्या पलीकडे ज्येष्ठांच्या एका निवासात असतात. स्वच्छ खोली, वेळेवर जेवण, आठवड्याला डॉक्टर, समोर मोठी बाग. त्या बागेत भरपूर पक्षी येतात असं माहितीपत्रकावर छापलेलं आहे, आणि ती ओळ वाचूनच हर्षदने ती जागा पसंत केली. सवड झाली की तो जातो. दोघा भावांचं आता उत्तम जमतं. मालाडला ट्रेडमिलवर कपडे वाळत आहेत, घाटकोपरला आग्नेय मोकळी आहे, आणि कावळा योग्य तोच शिवला असल्याचं सम्यकने सोसायटीला लिहून दिलं आहे.

ही हकीकत आम्ही बऱ्याच घरी सांगितली. ऐकून सगळ्यांना संताप आला. “काय ही मुलं! कुठे फेडतील हे?” असं जो तो म्हणाला. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग चहा झाला, इकडचंतिकडचं बोलणं झालं, आणि आम्ही निघताना प्रत्येक घरचा कोणी ना कोणी आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आला. आतल्या खोलीकडे एकदा बघून, आवाज खाली आणून त्याने विचारलं, “कर्जतच्या त्या जागेचं नाव काय म्हणालात?”

तुम्हालाही विचारायचं असेल तर अनमान करू नका. पत्ता आम्ही जवळच ठेवला आहे.